छत्तीस मिनिटांत एक जिल्हा

'द कॉल' हा हॉलिवूडपट २०१३ सालचा. लॉस एंजेलिसच्या ९११ केंद्रातल्या ऑपरेटरच्या भूमिकेत हॅली बेरी, आणि फोनच्या पलीकडे एका अनोळखी माणसाने गाडीच्या डिक्कीत कोंबलेली शाळकरी मुलगी. तिच्या हातातला फोन मैत्रीण विसरून गेलेली, स्वस्तातला, प्रीपेड. त्यातून ठावठिकाणा काही मिळत नाही. मग ऑपरेटर तिला सांगत जाते : मागचा दिवा लाथ मारून फोड, भोकातून हात बाहेर काढून हलव, डिक्कीत काय काय सापडतंय ते चाचपून बघ. रंगाचे डबे सापडतात. मुलगी रंग रस्त्यावर ओतत राहते. ९४ मिनिटं प्रेक्षक खुर्चीच्या कडेला.

दिवा लाथेने फोडायची ही युक्ती अमेरिकेत आता जुन्या गाड्यांपुरतीच लागावी. तिथे १ सप्टेंबर २००१ पासून डिक्की असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत आतून उघडायची मूठ सक्तीची आहे, आणि ती अंधारात चमकली पाहिजे असाही नियम आहे. आमच्याकडे खानदेशात ही अडचणच नाही. व्हॅन आणि जीपला कुठली आलीय बंद डिक्की!

याच जातकुळीचा दुसरा चित्रपट डेन्मार्कचा, गुस्ताव मोलरचा, २०१८ सालचा. जगभर तो 'द गिल्टी' या नावाने गेला. त्यात तर गाडीही दिसत नाही आणि मुलगीही. एक खोली, एक पोलीस, कानाला हेडफोन आणि ११२ वर आलेला एका बाईचा फोन. ८५ मिनिटं आपण त्या पोलिसाचा चेहरा बघतो आणि बाकीचा सिनेमा कानाने बघतो. अँटवान फुक्वाने २०२१ मध्ये तो इंग्रजीत पुन्हा केला तेव्हा कोविडचा काळ होता. ११ दिवसांत शूटिंग उरकलं आणि दिग्दर्शक बाहेर एका व्हॅनमध्ये बसून सूचना देत होता. म्हणजे ऑपरेटरच्या सिनेमाचा दिग्दर्शकही ऑपरेटरच झाला.

आता या डेन्मार्कचा आकार बघा. हा चित्रपट आला त्या वर्षी त्या देशाची लोकसंख्या होती सुमारे ५८ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्याची ४२,२९,९१७ आणि धुळ्याची २०,५०,८६२. बेरीज ६२ लाख ८० हजार. अख्ख्या डेन्मार्कपेक्षा आपले हे दोन जिल्हे लोकसंख्येने मोठे आहेत, तेही खानदेशातला तिसरा, नंदुरबार, न धरता. लॉस एंजेलिसशी तुलना केली तर गंमत उलटी होते. त्या शहराची जमीन साधारण १,२१४ चौरस किलोमीटर. जळगाव ११,७६५ आणि धुळे ७,१९५, मिळून १८,९६० चौरस किलोमीटर. म्हणजे हॅली बेरीला जेवढा नकाशा शोधायचा होता त्याच्या साडेपंधरा पट. आणि तिच्या शहरात चौरस किलोमीटरमागे तीन हजारांवर माणसं, इकडे सरासरी ३३१. डिक्कीतून बाहेर हलणारा हात बघायला रस्त्यावर कोणीतरी असावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याला रात्री साडेअकराला कोण असणार?

पळवून नेणाऱ्या गाडीचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा मांडला की डोक्यातून जात नाही. गाडी ताशी ८० किलोमीटरने निघाली असं धरू. मिनिटाला १ किलोमीटर ३३३ मीटर. पहिलं मिनिट संपतं तेव्हा ती ज्या वर्तुळात असू शकते त्याचं क्षेत्रफळ साडेपाच चौरस किलोमीटर. पायी शोधता येईल एवढं. दहाव्या मिनिटाला ५५८. अकराव्याला ६७५, म्हणजे त्या एका मिनिटात ११७ चौरस किलोमीटरची भर. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, हे आठवीत पाठ केलेलं सूत्र इथे अंगावर येतं. विसाव्या मिनिटाला २,२३४. छत्तिसाव्या मिनिटाला ७,२३८, आणि इथे अख्खा धुळे जिल्हा गिळला गेला. त्या एकट्या छत्तिसाव्या मिनिटानेच जवळपास ४०० चौरस किलोमीटर वाढवलेले असतात. शेहेचाळिसाव्या मिनिटाला ११,८००च्या वर : जळगाव जिल्हाही आत.

अर्थात गाडी शेतातून पळत नाही, रस्त्याने पळते, आणि हीच पोलिसांवरची एकुलती मेहेरनजर. पण धुळ्याचं दुर्दैव असं की इथून रस्तेच फार फुटतात. शहरात उभं राहिलं तर एक रस्ता आग्र्याकडे, एक मुंबईकडे, एक सुरतेकडे, एक नागपूरकडे आणि पाचवा चाळीसगाव धरून कन्नडच्या घाटाने सोलापूरकडे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना कापतात ते इथेच. अर्ध्या तासात प्रत्येक दिशेला ४० किलोमीटर, म्हणजे पाच रस्त्यांचे मिळून २०० किलोमीटर. उत्तरेला गाडी नरडाण्याच्या पुढे, पूर्वेला पारोळ्याच्या पलीकडे, पश्चिमेला नेर मागे टाकून साक्रीच्या वाटेवर. त्यात प्रत्येक फाट्यावर पुन्हा दोन रस्ते. वर आणखी एक : आग्रा रोडला पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश, सुरतेच्या बाजूला नवापूर संपलं की गुजरात. तिथे वायरलेसही वेगळा आणि पोलीस ठाण्याची हद्दही वेगळी. नाकाबंदी लावायची तर ती गाडीच्या पुढे लागली पाहिजे, मागे लावून उपयोग काय?

म्हणून ऑपरेटरचा पहिला प्रश्न एकच असतो : कुठे आहात? काय झालं हे नंतर, कोणी केलं हे त्याहून नंतर. फोन मध्येच कटला आणि 'काय' माहीत असून 'कुठे' माहीत नसेल, तर पाठवायचं कुठे?

हा 'कुठे' फोन स्वतः सांगू शकतो का? थोडाफार. जुन्या जीएसएम जाळ्यात मनोऱ्याला कळतं ते फोनचा संदेश पोहोचायला लागलेल्या उशिरावरून. हा उशीर टप्प्यांत मोजला जातो आणि एक टप्पा असतो साधारण ५५० मीटरचा. असे ६४ टप्पे, म्हणून एका मनोऱ्याची कमाल हद्द ३५ किलोमीटर. त्या हद्दीचं पूर्ण वर्तुळ ३,८४८ चौरस किलोमीटर होतं, म्हणजे धुळे जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त. मनोऱ्याची तोंडं सहसा तीन दिशांना असतात, तेव्हा एका तोंडाच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा, १,२८३ चौरस किलोमीटर. हे पुन्हा लॉस एंजेलिसएवढंच निघालं, हा निव्वळ योगायोग. उशिराचा टप्पा कळला की शोध आक्रसतो. मनोऱ्यापासून १० किलोमीटरवर, ५५० मीटर जाडीची धनुष्यासारखी पट्टी : पावणेबारा चौरस किलोमीटर. फोर-जीत तोच टप्पा ७८ मीटरचा, आणि पट्टी दीड-पावणेदोन चौरस किलोमीटरची. ऐकायला छान वाटतं. पण रावेर-सावद्याकडे दीड चौरस किलोमीटर म्हणजे दीडशे हेक्टर केळी, आणि उभ्या केळीत दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

जीपीएसचं काम वेगळं. ते उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. दर १२ तासांनी पृथ्वीला एक फेरी, वेग ताशी १४,००० किलोमीटर. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, आणि तो येतो तेव्हा त्याची ताकद उरलेली असते वॅटच्या एक कोटी अब्जांश भागाच्या आसपास. म्हणजे एकावर सोळा शून्यं देऊन तेवढ्याने एका वॅटला भागायचं. अंतर वेळेवरून काढायचं असल्याने घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं तर जागा ३०० मीटरने चुकते. आणि ही घड्याळं चुकतातच. आइन्स्टाइनच्या हिशेबाने, वेगामुळे ती थोडी मागे पडतात, उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्याहून जास्त पुढे जातात. वजाबाकी करून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरचा फरक पडेल. जळगावच्या स्टेशनरोडवर उभा असलेला माणूस दुसऱ्या दिवशी नशिराबादच्या आसपास दिसायला लागेल. सापेक्षतावादाचा खानदेशातल्या पोलीस पाटलाशी संबंध काय, असं कोणी विचारलं तर हा असा आहे.

आणि एवढं सगळं करून आलेला तो क्षीण संदेश पत्र्याच्या डिक्कीत शिरत नाही! तेव्हा चित्रपटात फोन जीपीएसवाला असता तरी मुलीची फार सोय झाली नसती.

भारतात २०१६ च्या नियमांनी १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हँडसेटमध्ये पॅनिक बटण आणि २०१८ पासून जीपीएस सक्तीचं झालं. स्मार्टफोनचं पॉवरचं बटण तीनदा पटापट दाबायचं. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. आपल्या ओळखीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे, विचारून बघा. मी विचारलं, तर बहुतेकांनी हातातला फोन उलटा-सुलटा करून पाहिला.

आता आवाजाचा प्रवास. समजा शिरपूरजवळून कोणीतरी ११२ हा आपला आपत्कालीन नंबर लावला. त्याचं बोलणं फोन २०-२० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो. सेकंदाला ५० तुकडे, प्रत्येक तुकडा आकड्यांत बदललेला. 'वाचवा' हा शब्द अर्ध्या सेकंदात उच्चारला तर त्याचे २५ तुकडे हवेतून मनोऱ्याकडे जातात, तिथून काचेच्या तंतूत. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरने जातो. महाराष्ट्राचं ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे इथे आहे आणि दुसरं नागपूरला. शिरपूर ते महापे ४०० किलोमीटर तार धरली तर प्रकाशाला लागतात २ मिलिसेकंद. तेवढ्यात ताशी ८०ची गाडी साडेचार सेंटिमीटरही सरकत नाही. तंत्राने आपलं काम केलं.

इथून पुढे माणसाचं घड्याळ सुरू होतं. 'कुठून बोलताय?' या प्रश्नाला आणि उत्तराला चार सेकंद धरले तर गाडी ८९ मीटर पुढे गेली. गावाचं नाव नीट कळायला दीड मिनिट गेलं तर दोन किलोमीटर. आणि गावाचं नाव ही भानगड महाराष्ट्रात साधी नाही. शिरपूर धुळ्यातलं की वाशीमचं शिरपूर जैन? पिंपळनेर साक्री तालुक्यातलं की बीडचं? जळगाव की जळगाव जामोद? पिंप्री आणि वडगाव या नावांची तर गणतीच नको. शिवाय घाबरलेला माणूस पुस्तकी मराठीत बोलत नाही. 'मनी आंडेरले गाडीमा टाकीसन लई ग्यात' (माझ्या मुलीला गाडीत टाकून घेऊन गेले) हे महाप्यात बसलेल्या सांगली-साताऱ्याकडच्या कानाला पहिल्या फटक्यात कळेल का? पावरी किंवा भिली बोली असेल तर पुढची गोष्ट. केंद्रात कळलेली हकीगत मग जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येते, तिथून जवळच्या गाडीतल्या पडद्यावर. म्हणजे शिरपूरची हाक महाप्याला जाऊन धुळ्याला येते आणि पुन्हा शिरपूरला पोहोचते. अंतराने हा द्राविडी प्राणायाम वाटतो. पण मघाशी पाहिलं तसं, तारेतल्या आठशे किलोमीटरला चार मिलिसेकंद पुरतात. जे काही मिनिटं खातं ते दोन माणसांच्या बोलण्यात खातं.

अशा वेळी नकाशापेक्षा उपयोगी पडतात त्या रस्त्याकडेच्या फुकटच्या खुणा. राष्ट्रीय महामार्गाचा पिवळ्या माथ्याचा किलोमीटरचा दगड. विजेच्या खांबावर रंगवलेला नंबर. भुसावळ लाइनवर रुळांच्या कडेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक वर-खाली लिहिलेला असतो. दोन खांबांत पन्नास-साठ मीटरचं अंतर. एवढी अचूकता फोर-जीच्या टप्प्यातही नाही, आणि ती वाचायला डोळ्यांशिवाय काही लागत नाही.

या एका नंबरच्या पद्धतीचा इतिहास थोडक्यात उरकतो. लंडनमध्ये नोव्हेंबर १९३५ मध्ये विम्पोल स्ट्रीटवर आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्याचा फोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकून पडला होता. त्यातून ३० जून १९३७ ला ९९९ सुरू झाला, जगातला पहिला. अमेरिकेचा पहिला ९११ कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलिव्हिल या छोट्या गावात झाला. युरोपने ११२ स्वीकारला १९९१ मध्ये. भारतात डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर निर्भया निधी उभा राहिला, २०१५ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने ११२ ची शिफारस केली, नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशाने पहिल्यांदा तो सुरू केला आणि महाराष्ट्रात तो आला २०२१ मध्ये. अमेरिकेत आज वर्षाला अंदाजे २४ कोटी कॉल ९११ ला जातात. सेकंदाला साडेसात. हे वाक्य वाचेपर्यंत तीसएक झाले.

आता मूळ प्रश्न : माणसं पळवली जातात तरी किती?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात अपहरणाचे १,०७,५८८ गुन्हे आहेत. दिवसाला २९४, तासाला बारा, दर पाच मिनिटांना एक. 'द कॉल' बघून होईपर्यंत १९ गुन्हे नोंदले गेलेले असतात. महाराष्ट्राचा वाटा बारा हजारांच्या वर, उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. पळवल्या गेलेल्या व्यक्ती १,१०,१४०. त्यांतली ७६,०६९ मुलं, आणि मुलांमध्ये ६२,०९९ मुली. एवढं वाचून झाल्यावर घरातल्या मुलीला शाळेत एकटं पाठवायची कोणाची छाती होईल?

पण आकडा नुसता वाचायचा नसतो, उलगडायचा असतो. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर आदेश दिला की हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवायची आणि ते पळवलं गेलं आहे असंच गृहीत धरून तपास सुरू करायचा. आदेश योग्यच होता. त्याआधी हरवलेल्या पोराची चिठ्ठी एखाद्या रजिस्टरात पडून राहायची. पण त्याचा परिणाम असा की दहावीचा निकाल लागल्यावर घाबरून नाशिकच्या गाडीत बसलेला मुलगा, बाप दारू पिऊन मारतो म्हणून मावशीकडे निघून गेलेली मुलगी आणि सतराव्या वर्षी गावातल्याच मुलाबरोबर पळालेली दुसरी, हे सगळे त्या एका रकान्यात येतात. त्याच वर्षी शोधून काढलेल्यांची संख्या १,१७,०८३, म्हणजे पळवलेल्यांपेक्षा जास्त, कारण त्यांत मागल्या वर्षांचेही आहेत. त्यांतले १,१६,१०९ जिवंत सापडले. ९७४ मेलेले. हा ९७४चा आकडा टक्क्यांत एकालाही पोहोचत नाही, आणि तरी तो ९७४ घरांचा आहे.

चित्रपटातलं अपहरण, म्हणजे अनोळखी किंवा जेमतेम ओळखीच्या माणसाने मूल उचलून दूर नेणं, कोंडून ठेवणं किंवा मारणं, हे किती? अमेरिकेच्या न्याय खात्याने असाच चाळून पाहिलेला एक आकडा आहे. २०११ साली साऱ्या देशात अशी १०५ मुलं. तीस कोटींच्या देशात १०५. सिनेमा ज्या भीतीवर चालतो ती खोटी नाही, फक्त फार विरळ आहे. आणि विरळ भीती फार वेगाने पसरते, हे खानदेशाने दोनदा पाहिलं.

३० मे २०२३. दानापूरहून पुण्याला जाणारी गाडी. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ८ ते १७ वर्षांची मुलं गाडीत आहेत, मुलांची तस्करी चालली आहे, अशी वर्दी रेल्वे पोलिसांना मिळते. भुसावळला २९ आणि मनमाडला ३० मुलं उतरवली जातात. बातमी देशभर : ५९ मुलांची सुटका. सोबतच्या पाच जणांवर गुन्हा. मुलं सांगत होती की आम्ही सांगलीच्या मदरशात शिकायला निघालोय. मुलांना नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत १२ दिवस ठेवलं, ते पाच जण चारेक आठवडे कोठडीत राहिले. पुढे चौकशी झाली, आणि २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनीच गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असं सांगून प्रकरण बंद केलं. रेल्वे सुरक्षा दलाने २०१८ पासून सात वर्षांत देशभरात ८४,११९ मुलांना स्टेशनांवरून आणि गाड्यांतून सुरक्षित बाहेर काढल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्या कामाचं मोल कमी लेखायचं कारण नाही. वर्दी आल्यावर गाडी थांबवणं चूक नव्हतंच. गाडी थांबवल्यावर मुलांनी जे सांगितलं त्याची खातरजमा एका फोनवर सांगलीत होण्यासारखी होती. मोलरच्या त्या डॅनिश चित्रपटाचा शेवट मी सांगत नाही. पण फोनवर ऐकलेल्या दोन वाक्यांवरून गुन्हेगार कोण हे आधीच ठरवून टाकणारा पोलीस, एवढं तर पहिल्या अर्ध्या तासातच दिसतं.

दुसरी गोष्ट राईनपाड्याची. साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांच्या समाजाचा पिढीजात मार्ग. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात काही दिवस फिरत होते. एकाने लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला एवढं निमित्त झालं. बाजारातल्या जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला.

तेव्हा महाराष्ट्रात ११२ नव्हता, १०० होता. पण नंबर कुठला होता हा प्रश्नच नाही, कारण ज्यांच्या फोनमध्ये ते मेसेज आले त्यांना नंबर लावायचा नव्हता, मेसेज पुढे पाठवायचा होता. त्या वेळच्या व्हॉट्सअॅपचा हिशेब असा : एक मेसेज एका दमात २५० गटांना पाठवता यायचा, आणि एका गटात जास्तीत जास्त २५६ माणसं. गुणाकार ६४,०००. एका अंगठ्याने. हे कमाल गणित झालं. साधं गणित घ्या. प्रत्येकाने फक्त पाच नव्या माणसांना पाठवलं तर पाच, पंचवीस, एकशेपंचवीस करत दहाव्या पायरीला ९७ लाख ६५ हजार. जळगाव आणि धुळे मिळून ६२ लाख ८० हजार, म्हणजे दहावी पायरी संपायच्या आतच दोन्ही जिल्हे संपले. पायरीला पाव तास धरला तर अडीच तास. हे कागदावरचं, प्रत्यक्षात तेच तेच लोक पुन्हा पुन्हा त्या मेसेजच्या वाटेत येतात, आणि तिसऱ्यांदा आलेला मेसेज खरा वाटायला लागतो.

अशा मेसेजमध्ये आणि ११२ च्या कॉलमध्ये फरक एकाच जागी आहे. मेसेजमध्ये गावाचं नाव नसतं, किंवा असतं ते कुठलंही बसेल असं. तारीख नसते, 'काल रात्री' असतं. गाडीचा नंबर नसतो. ऑपरेटर ज्या प्रश्नाशिवाय पुढे सरकत नाही तो 'कुठे' या मेसेजला कोणी विचारत नाही, आणि मेसेजला 'कुठे' नसतो म्हणूनच मेसेज चोपड्यातही चालतो, साक्रीतही चालतो आणि मालेगावातही चालतो.

राईनपाड्यानंतर दोनच दिवसांनी, ३ जुलैला, केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपनीला खडसावलं. १० जुलैला कंपनीच्या पानभर जाहिराती वर्तमानपत्रांत आल्या. त्याच महिन्यात भारतापुरती मर्यादा जाहीर झाली : एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल. ६४,०००चे झाले १,२८०. पुढे जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लावली गेली, आणि एप्रिल २०२० मध्ये, खूप हातांतून फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. मात्र २०२२ मध्ये गटाची कमाल संख्या २५६ वरून वाढत वाढत १,०२४ वर गेली. पाचने गुणलं तर ५,१२०. राईनपाड्याच्या बाजाराला एका रविवारी एवढी माणसं येत असतील असं वाटत नाही. फार फिरलेले मेसेज २०२० च्या मर्यादेनंतर ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. सत्तर टक्के हा आकडा मोठा आहे खरा. उरलेले तीस कशाचे, ते मात्र त्यावरून कळत नाही.